कॉन्फरन्समधलं रक्तदान

कॉन्फरन्समधला योगा, वॉक, रक्तदान हे सगळं फोटोपुरतं असतं असं तुमचं म्हणणं, पण रक्तदानाच्या बाबतीत मला ते अजिबात पटत नाही. आमच्या सीए लोकांच्या कॉन्फरन्सला दोन वर्षं मी हे काम बघितलंय. पहिल्या वर्षी चूक अशी झाली की सकाळी सहाला पाच किमी रन ठेवली आणि तिथूनच लोकांना उपाशीपोटी डायरेक्ट कॅम्पात आणलं, एक जण तर खुर्चीतच घामाघूम होऊन पांढराफटक पडला, हातातला तो दाबायचा बॉल खाली घरंगळत गेला, मी त्याचे पाय वर धरून बसले होते, अजून आठवतं. पुढच्या वर्षी कॅम्प जेवणानंतर तासाभराने ठेवला, रन दुसऱ्या दिवशी, काही त्रास नाही.

अजून एक, रक्तपेढीला आधी विचारा किती पिशव्या झेपतील. प्लेटलेट्स फक्त ५ दिवस टिकतात आणि लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस, त्यामुळे एकाच दिवशी ढीगभर जमवून उपयोग नाही. जमलं तर मे महिन्यात घ्या, कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा खरी टंचाई असते. बायकांचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघालं की त्यांना नुसतं परत पाठवतात, ते फार वाईट वाटतं हो, तिथेच एखादी डॉक्टर बसवा, पुढे काय करायचं ते नीट सांगेल.

योगाचं म्हणाल तर ते ऐच्छिकच ठेवा.