मोटरहोमच्या बाहेरच्या कप्प्यांत धूळ-पाणी शिरतंय, एक दरवाजा तर चालत्या गाडीत उघडला. काय करावं?

गाडीतलं_घर:
नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत आरव्ही (म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, मोटरहोम) चालवणारे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतंय म्हणून विचारतोय. आमची २००७ सालची क्लास सी आहे, म्हणजे व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली, फोर्ड ई-४५० वर, व्ही-१० इंजिन, २९ फूट. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. इंजिन ठणठणीत आहे, आतलं फर्निचरही बरं आहे, त्रास आहे तो बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांचा. एकूण सात दरवाजे, सगळ्यांना बिजागरी वरच्या बाजूला, खालून उचलून उघडायचे, प्रत्येकाला अंगठ्याने दाबायचे दोन लॅच.

मार्चमध्ये न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यनला गेलो होतो. हायवे ५५० सोडल्यावर शेवटचे १३ मैल कच्चा रस्ता आहे आणि तो म्हणजे अक्षरशः पन्हळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखा, भांडी सोडा दात पण वाजत होते. पोचल्यावर खाली उतरून बघतो तर ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा दरवाजा सताड उघडा, दरवाजा वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या दांड्यांवर उभा, आणि आतल्या दोन फोल्डिंग खुर्च्या आणि पाण्याचा पाईप गायब. रस्त्यावर मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं, हायवेला असतो तर काय झालं असतं हा विचार अजून जात नाही. बाकीच्या कप्प्यांत कणीक चाळल्यासारखी बारीक धूळ सगळ्यावर. येताना अमरिलोच्या अलीकडे जोरात पाऊस लागला आणि आईने शिवून पाठवलेली गोधडी खालून अर्धी भिजली, तिचा वास अजून गेला नाहीये.

घरी आल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून जाड फोमची टेप आणून सगळीकडे चिकटवली. तर आता दरवाजे लागतच नाहीत, गुडघ्याने दाबायला लागतं, आणि एक लॅच काल हातात तुटून आला. कोणतं रबर घ्यावं? लॅच सगळेच बदलू का? की बाहेरून सरळ कडी-कोयंडा ठोकून टाकू? जूनमध्ये परत निघायचंय.

रानवाटा:
दादा, पहिलं काम म्हणजे तो फोम काढून टाका. तो खिडकीच्या फटीसाठी असतो, स्पंजसारखा पाणी पितो आणि दोन महिन्यांत बसून कागदासारखा होतो. शिवाय तुम्ही जाड घेतलाय, म्हणजे दरवाजा कायम बाहेर ढकलला जातोय आणि तो सगळा जोर त्या दोन लॅचवर. तुमचा लॅच तुटला तो त्याचाच परिणाम असणार.

पण नवीन रबर आणायच्या आधी कुठे फट आहे ते शोधा, मी हे न करता दोन वेळा पैसे घालवलेत म्हणून कळकळीने सांगतोय. गाडी सपाट जागी उभी करा, गाडी समपातळीत ठेवणारे लेव्हलिंग जॅक वर घ्या. एका कोपऱ्यात जॅक जास्त लागला की सगळी बॉडी पिळते आणि जो दरवाजा बरोबर बसत होता तो वाकडा दिसायला लागतो. मग नोटेएवढी कागदाची पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची, असं चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर. जिथे पट्टी सुळकन बाहेर येते तिथे रबर टेकतच नाहीये, जिथे फाटेपर्यंत येत नाही तिथे जास्त दाबलंय. खडू घासून पण बघता येतं, रबराच्या कडेला खडू लावा, दरवाजा लावा, उघडा, चौकटीवर जिथे पांढरी रेघ तुटलीय तिथून धूळ येतेय.

आता जाडी कशी ठरवायची. आमच्या घरात यासाठी मळलेली कणीक वापरतात :) खरंच. जुनं रबर पूर्ण खरवडून काढल्यावर सुपारीएवढे कणकेचे गोळे प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून चौकटीवर सात-आठ ठिकाणी लावायचे आणि दरवाजा लॅच लागेपर्यंत दाबायचा. उघडून प्रत्येक गोळ्याची जाडी मोजायची, तीच तुमची खरी फट. माझ्याकडे वरती ५ मिमी आणि खाली एका कोपऱ्यात ११ मिमी निघाली! एवढा फरक असेल तर कोणतंच रबर चालणार नाही, आधी दरवाजा सरळ बसवायला लागतो. सगळीकडे साधारण सारखी आली की मग डी आकाराचं पोकळ ईपीडीएम रबर (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) घ्या, जे दाबल्यावर साधारण एक तृतीयांश बसेल. म्हणजे फट ८ मिमी असेल तर १२ मिमीचं.

चिकटवताना जुना गोंद पूर्ण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थंडीत लावू नका. आणि ताणू नका!! ताणून लावलं की सुंदर सरळ दिसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात आखडून कोपऱ्यात बोटभर फट पडते. उलट एक सेंटीमीटर जास्त ठेवून आत ढकलत बसवा, आणि जोड खालच्या बाजूला मधोमध घ्या, वर नाही, वरून पाणी ओघळत येतं ते जोडातूनच आत जातं.

बॉडीवाला_भोसरी:
मी आरव्हीवाला नाही, भोसरीला बस बॉडीच्या कामात २२ वर्षं काढलीत, आता ट्रॅव्हलर व्हॅनवर कॅम्पर पण करतो. तुमचे कप्पे म्हणजे आमच्या भाषेत डिकी, आणि डिकी गळते ही तक्रार ताम्हिणीतून कोकणात उतरणारा प्रत्येक माणूस पावसाळ्यात घेऊन येतो. रबराचं वरती बरोबर सांगितलंय त्यांनी. मी लॅचचं आणि धुळीचं सांगतो.

धूळ दरवाजातूनच येते असं समजू नका. मागच्या चाकाच्या मागे गाडी चालताना हवा ओढली जाते आणि चाकाने उडवलेली माती त्याच ठिकाणी घोंघावत असते. त्यात कप्प्याच्या तळाला वायरिंगचं भोक उघडं असलं, किंवा चाकाच्या वरचा पत्रा सांध्यात सुटला असला, की आतून भरतं. म्हणून आम्ही काय करतो, कप्पा रिकामा करून आत सगळीकडे वर्तमानपत्र अंथरतो आणि बाहेरून एकाने पाईपने पाणी मारायचं, प्रेशर नाही, नुसतं वाहतं, खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. खालच्या पातळीला पाच मिनिटं मारून पेपर कोरडा राहिला की मगच वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. कधी कधी पाणी खिडकीच्या कडेतून किंवा साइड लाइटच्या स्क्रूतून भिंतीच्या आत उतरून डिकीत पडतं आणि माणूस बिचारा डिकीचं रबर बदलत बसतो.

लॅच. अंगठ्याच्या लॅचची जीभ चौकटीच्या मागे जिथे अडकते ती कड नीट बघा, तिथे चकचकीत घासलेली खाच दिसली तर कड झिजलीय, नवीन लॅच टाकून उपयोग नाही, तिथे स्टेनलेसची छोटी पट्टी मारा. कॅम लॉक (किल्ली फिरवली की मागची पट्टीसारखी जीभ फिरून अडकते ते कुलूप) असेल तर जीभ चार-पाच मिमी वाकवून दरवाजा आत खेचता येतो, पण जीभ काढून व्हाइसमध्ये धरून वाकवा. दरवाज्यावर असतानाच पक्कडीने वाकवली तर कुलपाची बॉडी झिंकची ओतीव असते ती तडकते. वेगवेगळ्या वाकाच्या तयार जिभा पण मिळतात. आणि बिजागरीचे स्क्रू सगळे फिरवून बघा, नुसताच गोल फिरला तर मागचं लाकूड कुजलंय. अशा वेळी मोठा स्क्रू मारून भागत नाही, कुजकं काढून ॲल्युमिनियमची पट्टी मागून घालायची.

तुमच्या उघडलेल्या दरवाज्यात एक प्रश्न, खुर्च्या आत कशा ठेवल्या होत्या? दरवाज्याला टेकवून?

गाडीतलं_घर:
हो, टेकवूनच. लांब आहेत ना, आडव्या बसत नाहीत. फोम काल रात्री सगळा काढला. कणकेची युक्ती बायकोला फार आवडली :) आज पाच दरवाजे मोजले.

एक विचारायचं राहिलं, उजव्या बाजूला गॅसच्या टाकीचा कप्पा आहे, तिथे सगळ्यात जास्त धूळ असते, दरवाज्याला खाली जाळीच्या फटी आहेत आणि तळ पण बराचसा उघडाच आहे. तिथे पण रबर लावून फटी सिलिकॉनने बंद केल्या तर चालेल का? बॅटरीच्या कप्प्याचं पण तेच.

बॉडीवाला_भोसरी:
नाही. नाही. ते हात लावू नका.

तुमचा प्रोपेन असो की आमचा घरचा सिलिंडर, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो आणि सखल जागेत साठतो. त्या खालच्या फटी आणि उघडा तळ धुळीसाठी नाहीयेत, गळलेला गॅस रस्त्यावर निघून जावा म्हणून आहेत. त्या बंद केल्यात तर कप्पा म्हणजे गॅसचा हौद होईल. साधी ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो उलटा, हलका, वर जातो, म्हणून तिथलं वरचं व्हेंट मोकळं पाहिजे. हीटर, गीझर, जनरेटर यांच्या दरवाज्यांच्या जाळ्या पण तशाच सोडा. तिथे धूळ येऊ दे, ब्रशने झाडायची. हां, एक मात्र करा, गॅसच्या कप्प्यातून घरात जाणाऱ्या पाईपची भोकं भिंतीला नीट बुजवलेली आहेत ना बघा, ती मात्र बंदच पाहिजेत.

खुर्च्या टेकवल्या होत्या ना, मग तुमचं उत्तर तिथेच आहे. प्रत्येक खड्ड्याला आणि प्रत्येक डावी-उजवीला खुर्चीचं वजन लॅचवर आतून हातोडीसारखं बसतं. त्यात तुमचा गॅसचा दांडा असा असतो की दरवाजा थोडा वर गेला की तो स्वतःच पूर्ण वर ढकलतो. म्हणजे लॅच एकदा सुटला की दरवाजा अर्धवट राहत नाही, थेट ट्रॅफिकच्या बाजूला उघडतो. खुर्च्या पट्ट्याने आतल्या भिंतीला बांधा, दरवाज्याला आतून काहीही टेकता कामा नये.

कडी-कोयंड्याचं म्हणाल तर जरूर लावा, पण जादा आधार म्हणून. खटक्याची स्टेनलेस कडी, आरपार बोल्ट आणि मागून पट्टी घालून, नुसत्या फायबरच्या पातळ कातडीवर स्क्रू मारून नाही. आणि दरवाजा लॅचनेच लागला पाहिजे, कडीने ओढून बंद करायला लागत असेल तर मूळ दुखणं तसंच आहे.

मेपल_मावशी:
ऑन्टारिओहून लिहितेय, आमची क्लास ए आहे, म्हणजे बससारखी मोठी, नऊ दरवाजे. थंडीच्या बाजूने दोन गोष्टी सांगते कारण इथे त्या रडवतात. रबर ओलं असताना रात्री गोठलं की दरवाज्याला चिकटतं आणि सकाळी ओढलं की रबर दरवाज्याबरोबर फाटून येतं. ऑक्टोबरमध्ये मी सगळी रबरं पुसून फडक्यावर सिलिकॉन ग्रीस घेऊन पातळ हात फिरवते. व्हॅसलिन किंवा कुठलंही पेट्रोलियमचं तेल-ग्रीस लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं आणि मऊ पडतं. माझ्या नवऱ्याने हौसेने लावलं होतं, तीन दरवाज्यांची रबरं काढून टाकावी लागली.

कुलपात तेल नको, तेलाला धूळ चिकटून आत चिखल होतो, ग्रॅफाइटची पूड घाला.

आणि दादा तुमच्या किल्लीवर आकडा काय आहे बघा हो. सीएच ७५१ असेल तर तीच किल्ली निम्म्या कॅम्पग्राउंडकडे आहे, कित्येक आरव्हींच्या कप्प्यांना हेच कुलूप येतं आणि किल्ली ऑनलाइन कोणालाही मिळते. आम्हाला शेजारच्या गाडीवाल्याने स्वतःच्या किल्लीने आमचा कप्पा उघडून दाखवला तेव्हा कळलं. लॅच बदलताय तर कुलपं वेगळ्या किल्लीची घ्या.

निघताना मी गाडीभोवती चक्कर मारून प्रत्येक दरवाज्याला खालच्या कडेला बोटं घालून बाहेर ओढून बघते, नुसतं डोळ्यांनी बघून लॅच लागलाय असं वाटतं पण एका बाजूचाच लागलेला असतो. आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर जिथे थांबू तिथे परत एकदा.

गाडीतलं_घर:
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवडे लागले पण काम झालं म्हणून लिहितोय.

किल्ली सीएच ७५१ च निघाली मावशी. सगळी कुलपं बदलली.

सातपैकी गॅस आणि बॅटरीचे दोन सोडले. उरलेल्या पाचात तीन दरवाज्यांची फट ७ ते ९ मिमी आली, तिथे १२ मिमीचं डी रबर लावलं, आता एका बोटाने दाबलं तरी टक् असा आवाज येऊन लागतात, इतकं बरं वाटतं ऐकायला. चौथ्याच्या, म्हणजे जो उघडला होता त्याच्या बिजागरीचे सहापैकी चार स्क्रू नुसते गोल फिरत होते. पॅनेल काढलं तर आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं, बोटाने निघत होतं. पाणी दरवाजातून आलंच नव्हतं, वरच्या साइड लाइटच्या मागून भिंतीत उतरत होतं, पेपरवाल्या टेस्टमध्ये स्पष्ट दिसलं, पाईप लाइटच्या उंचीला नेला तेव्हा दोन मिनिटांत पेपरचा वरचा कोपरा भिजला. लाइट काढून ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) घालून परत बसवला, कुजलेला भाग कापून ॲल्युमिनियमची पट्टी घातली. ज्यांनी गाडी विकली त्यांनी त्या स्क्रूंवर सिलिकॉन फासून ठेवलं होतं, मी तीन वर्षं ते बघून समजत होतो की काळजीने सील केलंय.

पाचव्या दरवाज्यावर लांब पन्हळ लावली ॲल्युमिनियमची, वरून येणारं पाणी बाजूला जातं.

आता एकच अडलंय. मागच्या डाव्या कप्प्यात पाणी थेंबभर येत नाही, पण परवा गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर चार मैल मुद्दाम चालवून बघितलं तर थोडी धूळ आहेच. कागदाची पट्टी सगळीकडे घट्ट आहे. तळाचं वायरिंगचं भोक बुजवलंय.

बॉडीवाला_भोसरी:
चाकाच्या वरचा पत्रा, मी म्हणालो होतो तो. जॅक लावून चाक काढा आणि आतून टॉर्च मारा, दुसऱ्याला कप्प्यात डोकं घालून अंधारात बघायला सांगा. उजेडाची बारीक रेघ दिसेल तिथे सीलंट. मडफ्लॅप आहे का मागे? नसेल तर तो पण लावा, चाकामागे जमिनीपासून वीतभर वर येईल असा.

गाडीतलं_घर:
मडफ्लॅप एका बाजूचा आहे, डावा नाहीच. शनिवारी चाक काढतो.