मदत हवी आहे : पिकअपचे रिटर्न आलेले टेल लाइट घ्यावे का?

भाऊ लोकहो, कळमना मार्केटात संत्र्याचे क्रेट उतरवताना मागून एका गाडीनं ठोकलं. बोलेरो पिकअपचे दोन्ही टेल लाइट गेले. गाडी 9 वर्षांची, म्हणजे फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, याची सरकारी तपासणी) दरवर्षी, अन् तो पुढच्याच महिन्यात.

एका दुकानात गिऱ्हाइकानं परत केलेला जोड निम्म्या भावात मिळतोय. डाव्याचा स्क्रूचा एक कान तुटलेला, उजव्याच्या काचेला (प्लास्टिकच आहे म्हणा) कोपऱ्यात केसाएवढी चीर. दुकानदार म्हणते, "काही होत नाही, सिलिकॉन मारून द्या."

कानाचं मी पट्टी लावून जमवीन. भीती चिरेची आहे. पावसात आत पाणी शिरलं की होल्डर गंजतो, अर्थिंग जाते, मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. पहिल्या गाडीत हे भोगून झालंय. आंबट वासाचं सिलिकॉन तांब्याला खातं, तेवढं ठाऊक आहे. मग चिरेवर लावावं काय? अन् 21/5 वॅटच्या (ब्रेकला 21, टेलला 5) बल्बच्या उष्णतेनं चीर वाढते का?

कोणी असा माल वापरला असेल तर सांगा. घेण्याआधी दुकानातच बॅटरीवर लावून काय काय तपासू?