तोफेची नळी आतून मुद्दाम ताणतात आणि तरी ती जास्त टिकते? (ऑटोफ्रेटाज)

कडी_कापली

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टचा विषय जाड भिंतीचे सिलिंडर. तोफेच्या नळीबद्दल वाचताना एका गोष्टीला अडलोय.

नळी फोर्ज करतात, हार्डनिंग-टेंपरिंग करतात (तापवून झटकन निववून कडक, मग पुन्हा बेताने तापवून चिवट), भोक पाडतात. इथवर ठीक. त्यानंतर आतल्या भोकात इतका दाब देतात की आतला थर यील्ड होऊन कायमचा ताणला जातो, हेच ऑटोफ्रेटाज. आम्हाला तीन वर्षं शिकवलं की यील्ड म्हणजे जॉब गेला. इथे तर तेच मुद्दाम करायचं!

सरांनी त्याच पद्धतीने दाब दिलेल्या एका नळीच्या तीन कड्या दिल्यात, बाहेरचा व्यास 120 मिमी, आतला 60. चौथी कडी साध्या नळीची, फक्त हार्डनिंग-टेंपरिंग झालेली. साधी कडी करवतीने एका जागी कापली, काही झालं नाही. दाब दिलेली कापली तर शेवटच्या घासाला टक् असा आवाज आला आणि बाहेरच्या कडेला फट पात्याच्या रुंदीपेक्षा जवळजवळ 3 मिमी जास्त उघडली. माझा हात दचकून मागे आला. दुसरी कडी मित्राने लेथवर बाहेरून 120ची 100 केली, तर आतलं भोक चार-पाच शतांश मिमीने मोठं झालं. भोकाला टूल लागलेलंही नव्हतं.

हे का होतं? आणि नळीत एवढे ताण कोंडले असतील तर शेवटी एकदा भट्टीत घालून ते काढून का टाकत नाहीत?

भट्टीकाका

तू कडी कापलीस ते उत्तम केलंस. तीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांसमोर काढली, त्यातली बरीच जाड फोर्जिंगवर. पण ही गोष्ट मला वहीतल्या समीकरणाने कळली नव्हती, अशीच एक कडी उघडली तेव्हा कळली.

आधी जाडीचा भ्रम काढून टाकू. नळीत दाब आला की सगळी भिंत सारखा भार उचलते असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आतला थर पिचतो आणि बाहेरचा आरामात बसलेला असतो. यील्ड 1000 मेगापास्कलचं स्टील घे, धातू कधी यील्ड होतो ते सांगणारा ट्रेस्काचा नियम लाव. बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट असेल तर 375 मेगापास्कलला आतला थर यील्ड होतो. आता तिप्पट कर. धातू लागला 2.67 पट आणि मिळालं किती? 444. भिंत कितीही जाड केलीस तरी 500च्या पुढे जाता येत नाही, कारण यील्डच्या निम्म्याला दार बंद होतं. वजन वाढवत नेऊन ही लढाई जिंकता येत नाही.

मग युक्ती अशी. दाब 375च्या पुढे ने. आतला थर यील्ड होतो, फुगतो, बाहेरचा थर मात्र अजून स्प्रिंगसारखा लवचिक आहे. दाब सोडला की बाहेरचा आपल्या जागी परतायला बघतो आणि फुगलेला आतला त्याला आडवा येतो. परिणाम, बाहेरचा आतल्याला कायमचा आवळून धरतो. आत दाबाचा ताण, बाहेर ओढीचा. पुढे गोळा उडाला की आतल्या थराला ताणण्याआधी वायूला हा आवळ फेडावा लागतो, तेवढं देणं आधी. तुझ्या दुप्पट व्यासाच्या कडीत भिंत पूर्ण यील्ड व्हायला कागदावर 693 लागतात, आणि तिथवर नेलेली नळी नंतर 693पर्यंत लवचिक वागते. 375च्या जागी 693, तेही ग्रॅमभर धातू न वाढवता.

यील्ड म्हणजे जॉब गेला हे अख्खी भिंत बेवारशी वाहत गेली तर खरं. इथे बाहेरच्या थराने आतल्याला धरून ठेवलेलं असतं.

आता तुझे प्रयोग. कडी कापलीस तेव्हा आतल्या दबलेल्या थराला लांब व्हायला वाव मिळाला, बाहेरच्या ताणलेल्याला आखूड व्हायला. दोघांनी मिळून कडी सरळ करायचा प्रयत्न केला, म्हणून फट उघडली. आणि मित्राने बाहेरून 10 मिमीची साल काढली ती आवळणाऱ्या हाताचीच काढली. पकड सैल पडली, भोक सुटलं. लेथचा काही दोष नाही, आवळलेली मूठ उघडली इतकंच.

जुनी_तोफ

काका, इतिहासाची भर घालतो, कारण ही आवळायची कल्पना ऑटोफ्रेटाजच्या बरीच आधीची आहे.

28 फेब्रुवारी 1844. अमेरिकी युद्धनौका प्रिन्स्टन, डेकवर परराष्ट्रमंत्री, नौदलमंत्री आणि पाहुणे, खाली अध्यक्ष टायलर. 'पीसमेकर' नावाची 12 इंची तोफ उडवली आणि ती ब्रीचजवळ, म्हणजे मागच्या बंद टोकाशी, फुटली. दोन्ही मंत्र्यांसह सहा जण गेले. तोफ घडीव लोखंडाची, तुकडे तापवून घणाने जोडलेली. एवढ्या जाड जोडणीत गाभा नीट सांधला गेलाय का हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

या अपघाताने अमेरिकी लष्कराचा थॉमस रॉडमन कामाला लागला. भरीव ओतलेली बिडाची तोफ बाहेरून आधी निवते, आतला भाग शेवटी आकसतो आणि बाहेरच्या आधीच घट्ट झालेल्या कवचाला लटकून राहतो, म्हणजे आत ओढीचा ताण. नेमका नको तिथे. रॉडमनने तोफ पोकळ ओतली आणि मधल्या नळीतून पाणी खेळवून ती आतून निववली. आतलं आधी घट्ट, बाहेरचं नंतर त्याच्यावर आकसतं. पेटंट 1847चं. इंग्लंडमध्ये 1850च्या दशकात आर्मस्ट्राँगने दुसरी वाट धरली. घडीव लोखंडाचे वेटोळे तापवून आतल्या नळीवर चढवायचे, निवले की आवळतात. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात तेच. 1870च्या दशकात ऑस्ट्रियाच्या उखाटियसने काशाच्या नळीतून एकापेक्षा एक मोठे दट्टे ढकलून आतला थर ताणला, म्हणजे थेट तुमचा विषय! पाण्याच्या दाबाने करायची पद्धत फ्रान्सची, 1907च्या सुमाराची, ती काढणाऱ्याचं नाव याकोब. 'फ्रेत' म्हणजे कडं, ऑटोफ्रेटाज म्हणजे नळीने स्वतःच स्वतःला कडं घालणं.

भट्टीकाका

व्वा. धावेचं उदाहरण मी देणार होतो, हिसकावलंत.

आता पोराचा दुसरा प्रश्न, ताण भट्टीत का काढत नाहीत. उत्तर एका ओळीचं: काढले तर सगळी मेहनत पाण्यात. टेंपरिंगच्या जवळपासच्या तापमानाला स्टील मऊ होतं, ताण वितळून जातात आणि नळी पुन्हा 375वाली. म्हणून क्रम बदलता येत नाही. फोर्जिंग, हार्डनिंग, टेंपरिंग, सगळी मोठी उष्णता आधी. ऑटोफ्रेटाज नंतर. त्यानंतर दिलीच तर अगदी हलकी धग, टेंपरिंगच्या खूप खाली. बाहेरचं मशीनिंगही शक्यतो आधी उरकून घ्यायचं, ते का ते तुझ्या मित्राच्या कडीने दाखवलंच.

हलकी धग कशाला? बाउशिंगर नावाचं एक दुखणं आहे, ते थोडं हलकं करायला. स्टील एकदा ताणून यील्ड केलं की उलट बाजूने, दाबात, ते लवकर हार मानतं. आतला थर आधी ताणला, मग त्याच्याकडूनच दाब सोसायची अपेक्षा. त्यामुळे कागदावरचा आवळ प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही, भोकाच्या अगदी कडेला तर बराच कमी. म्हणून 693 हा आकडा परीक्षेत लिही, पण त्यावर पैज लावू नकोस.

हे सगळं उभं असतं चिवटपणावर, आणि तिथे भट्टीवाल्याची परीक्षा. स्टील साधारण निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम जातीचं. लांब नळी क्वेंचला, म्हणजे झटकन निववताना, आडवी ठेवून दिली तर केळ्यासारखी वाकते, म्हणून उभी टांगतात नाहीतर फिरवत ठेवतात. पुढे प्रेसवर सरळ केली तर ती सरळ दिसते, पण गरम झाली की जुनी खोड आठवते. हा फार मोठा विषय आहे, जाऊ दे.

माझी फजिती सांगतो. तोफ नव्हती, दाबाचीच जाड फोर्जिंग होती. टेंपरिंग 600च्या वर, पूर्ण वेळ धरलं. पाळी संपत आली होती, मी म्हटलं निवू दे भट्टीतच, सावकाश निवलं तर ताणही राहणार नाहीत. सकाळी हार्डनेस घेतला, जसा हवा तसा, एक अंक इकडे नाही की तिकडे. मी खूश. दुपारी इंपॅक्टचे, म्हणजे घाव घालून चिवटपणा मोजायचे, तुकडे तुटले ते काचेसारखे, आधीच्या लॉटच्या निम्म्याहून कमी. याला टेंपर ठिसूळपणा म्हणतात. साधारण 575 ते 375 अंशांच्या पट्ट्यातून जॉब रेंगाळत खाली आला की फॉस्फरस, कथील, अँटिमनी अशी मंडळी कणांच्या सीमांवर येऊन बसतात. थोडं मॉलिब्डेनम असेल तर ती रोखली जातात, पण जाड जॉबमध्ये त्यावर विसंबून झोपू नये. माझं नशीब की हा ठिसूळपणा परत फिरतो. पुन्हा 600च्या वर तापवलं, या वेळी झटपट निववलं, तुकडे चिवट तुटले. तेव्हापासून कोणी मला फक्त हार्डनेसचा कागद दाखवून जॉब पास म्हणालं की मी इंपॅक्टचा कागद मागतो.

तोफेत हे का महत्त्वाचं? गरम वायूने भोकाच्या पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं फार लवकर पडतं, थोड्याच फेऱ्यांत, म्हणजे थोडेच गोळे उडाल्यावर. ते टाळता येत नाही. प्रश्न एवढाच की भेग किती खोल गेल्यावर नळी फुटते. 1966 साली व्हिएतनाममध्ये अमेरिकी 175 मिमी तोफेची नळी 373 फेऱ्यांनंतर फुटून तुकडे झाले. ज्या भेगेने घात केला ती 10 मिमीपेक्षाही कमी खोल होती. एवढ्या भिंतीला एवढीशी भेग पुरली, कारण स्टीलमध्ये चिवटपणाच नव्हता. त्यानंतर त्या तोफेच्या नळ्या ऑटोफ्रेटाज करून यायला लागल्या. आवळलेल्या थरात भेग फार सावकाश सरकते.

लेथवाला

काका, एक हरकत. आमच्या बाजूला शिकवण उलटी आहे. रायफलच्या नळीत बटण ओढून खाचा पाडतात, म्हणजे कार्बाइडचा दट्ट्या भोकातून ओढून धातू दाबायचा. तिथे बाहेरून टर्निंग करण्याआधी स्ट्रेस रिलीव्ह केलं नाही, म्हणजे तापवून ताण काढले नाहीत, तर तोंडाकडे, जिथे जास्त साल निघते, तिथे भोक मोठं होतं. म्हणजे तोच ताण तिथे शत्रू. तुम्ही म्हणता ठेवा, आम्ही म्हणतो काढा. खरं कोणाचं?

भट्टीकाका

दोघांचं. भोक सुटण्याचं कारण तुझ्याकडे आणि त्या कडीत अगदी एकच आहे. तुला हवंय अचूक, टोकापासून टोकापर्यंत सारखं भोक. दाब तुझ्या भिंतीला झेपतोच. म्हणून ताण नकोत. तोफेत भिंतीला दाब झेपवायचाय आणि भेग रोखायचीय, म्हणून ताण हवेत. टूलने एकेक खाच कापून काढली तर ताण जवळजवळ येतच नाहीत, हेही तू पाहिलं असशील. आणि थंड हॅमर फोर्जिंगमध्ये, म्हणजे भोकात घातलेल्या मांड्रेलवर (दांड्यावर) बाहेरून हातोडे मारून खाचा उमटवतात तेव्हा, भरपूर येतात. ताण चांगला की वाईट हे विचारण्याआधी तो कुठल्या थरात बसलाय आणि नळीकडून काम काय हवंय ते विचारावं.

मला खटकतं ते वेगळंच. ड्रॉइंगवर लोक 'स्ट्रेस रिलीव्ह' सवयीने लिहितात, जसं पत्राखाली 'आपला नम्र' लिहितात.

कडी_कापली

डोक्यात उजेड पडला. एक कडी अजून शिल्लक आहे. 600ला तापवून मग कापली तर?

भट्टीकाका

जरूर कर. आधी हार्डनेस घे, नंतरही घे. आणि या वेळी शेवटच्या घासाला हात स्थिर ठेव, दचकायचं कारण उरणार नाही.

कडी_कापली

काका, काल केलं. 600 अंश, दोन तास. आज कापली. टक् वगैरे काही नाही, फट पात्याच्या रुंदीएवढीच, त्यात कागदही जास्तीचा सरकत नाही. हार्डनेस आधी 31 एचआरसी होता, आता 30.

भट्टीकाका

बघ, हार्डनेसला पत्ताच नाही.

लेथवाला

दोन्ही कापलेल्या कड्यांचे शेजारी शेजारी फोटो टाक रे. आमच्या नव्या पोरांना दाखवतो.