दहावीच्या उन्हाळ्यात चित्रकलेचा सिरीयस क्लास: लावावा की नाही? सोलापूरकरांनो बोला

विजापूर_रोडवाली
माझी पोरगी आता दहावीत गेली, हात चांगलाय, एलिमेंटरीला (सरकारी चित्रकलेची पहिली परीक्षा) ए ग्रेड होती. मे महिनाभर रोज सकाळी तीन तास तिला ड्रॉइंगला बसवायचं असं मी ठरवलंय आणि घरात महाभारत चालू झालंय. सासूबाई म्हणतात दहावीला रंग कसले खेळताय, हे म्हणतात दहावीच्या व्हेकेशन बॅचा तर सुरू पण झाल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे उन्हाळी शिबिर म्हणून जे चालतं ते ह्या वयाच्या पोरांसाठी नाहीच मुळी. मागच्या सुट्टीत एका ठिकाणी घातलेलं, दहा दिवस, आधी मंडला, मग बॉटल पेंटिंग, मग कॅनव्हासवर अ‍ॅक्रेलिकमध्ये बुद्ध, आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन पालकांबरोबर फोटो. सगळ्या पोरांचा बुद्ध सेम टू सेम, कारण आउटलाइन आधीच छापून आलेली. पोरगी खूश. घरी आल्यावर म्हटलं हा तांब्या ठेवलाय समोर, काढ बघू, तर जमेना! म्हणून म्हणते, तेरा-चौदाच्या पुढच्या पोरांना महिनाभर सलग फक्त समोरचं बघून काढायला शिकवा, बाकीच्या दहा गोष्टी नकोत. पटतंय का कुणाला?

ताळेबंद
नाही पटत. राग मानू नका ताई, पण हिशोब करा. इंटरमीजिएटला, म्हणजे एलिमेंटरीच्या पुढच्या परीक्षेला, ए आला की दहावीला 7 मार्क, बीला 5, सीला 3. त्यासाठी शाळेतले सर जी तयारी करून घेतात ती पुरते. 7 मार्कांसाठी मे महिना द्यायचा आणि तिकडे गणितात 15 घालवायचे हा कुठला सौदा? माझ्या पुतण्याला पण असंच नादाला लावलेलं, आता तो ना धड इकडे ना तिकडे.

विजापूर_रोडवाली
भाऊ मी मार्कांचं नावच काढलं नाही, तुम्हीच काढलंत. आणि सकाळी साडेसहा ते साडेनऊ क्लास, दहापासून दिवसभर अभ्यासाला मोकळीच आहे की. सुट्टीत साडेसहाला उठून कुठली पोरं गणित करतात ते सांगा मला.

खडू_फळा
मी ह्याच जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर. ताईंचं निम्मं पटतं, निम्मं नाही.

तांब्याचं उदाहरण एकदम बरोबर. तांब्याचं तोंड पोरं लंबगोल काढतात आणि बूड सरळ रेघेने कापून टाकतात, कारण तांब्या टेबलावर सपाट बसतो हे त्यांना ‘माहीत’ असतं. खरं म्हणजे बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा आणखी खाली असतं, म्हणून बुडाचा लंबगोल तोंडाच्यापेक्षा जास्त फुगीर दिसतो. हे तोंडी सांगून कळत नाही. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून उंचीत रुंदी किती वेळा बसते ते मोजायचं, असं आठवडाभर रोज केलं की एके दिवशी पोरगं स्वतःच येऊन म्हणतं सर बूड चुकलंय माझं. ते दहा दिवसांच्या शिबिरात होत नाही हे मान्य.

पण फक्त वस्तुचित्र महिनाभर? पोरं पळून जातील हो. आणि आपल्याकडच्या परीक्षेच्या तयारीचा एक रोग आहे, स्मरणचित्राला (आठवणीतून काढायचं चित्र) विषय कुठलाही येऊ द्या, बाजार असो की बसस्टॉप, पोरं तीच चार पाठ केलेली माणसं उभी करतात, एक छत्रीवाली बाई, एक सायकलवाला, एक फुगेवाला आणि कोपऱ्यात कुत्रं. ही सवय मोडायची तर त्यांना लक्ष्मी मंडईत नेऊन बसवा. भाजीवाली कशी बसते, तराजू उचलताना खांदा कुठे जातो, दोन मिनिटांत काढ, पान उलट, पुढचं काढ. रोज वीस-पंचवीस काढू देत, वाईट आली तरी चालतील, रबर घरी ठेवायचा. माझं मत असं की अर्धा वेळ बसून आणि अर्धा वेळ बाहेर.

ताळेबंद
सर, मे महिन्यात बाहेर? पारा 42-43 ला असतो आपल्याकडे.

खडू_फळा
सकाळी सहाला असतो का? भुईकोट किल्ल्याची तटबंदी काढायची तर ऊन तिरकं असतानाच काढायची, बुरुजाची गोलाई तेव्हाच दिसते, बारा वाजता सगळं पांढरं फटक. आठला घरी. रंगकामाचं मात्र अवघड आहे हे कबूल, कोरड्या हवेत वॉटरकलरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, कागदाच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर वरचा वाळून कडा धरतो, डाग पडतात. मोठा ब्रश घ्या, कागद आधी ओला करून घ्या आणि वॉश देताना पंखा बंद. पोरं घामाघूम होतात, शिव्या घालतात, पण वॉश येतो.

पाण्याची_टाकी
नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि इथे वॉटरकलर शिकवायला निघालेत 😂 सॉरी, राहवलं नाही, चालू द्या

जेकॉर्डवाला
आमचा चादरीचा कारखाना आहे, मी जरा वेगळं बोलतो. आमच्या नानांच्या वेळी डिझायनर माणूस ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरायचा. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे जेकॉर्ड मागाचं एक पंच केलेलं कार्ड, भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जाणार, नसेल तिथे खाली राहणार. एक मोर काढायचा तर शेकडो कार्डं! आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं, पोरगा दोन तासांत फाईल बनवून देतो. त्यामुळे मी म्हणतो तांबे-लोटे कशाला, महिनाभर सॉफ्टवेअर शिकवा, हाताला लगेच काम मिळेल. फाइन आर्टवर पोट भरणारा आपल्या गावात एक दाखवा.

खडू_फळा
मालक, मग तुमच्या नव्या चादरींवर तेच मोर आणि तेच गुलाब का असतात? फाईल दोन तासांत होते, मोर मात्र जुनाच असतो, जुन्या नमुन्यावरून स्कॅन केलेला. नवा मोर कोण काढणार?

जेकॉर्डवाला
गिऱ्हाईक तोच मागतंय सर. नवं काढलं तर माल पडून राहतो, तो तुम्ही घेणार का? (तरी पण मुद्दा टोचला, खोटं कशाला बोलू. चांगला डिझायनर पाहिजे झाला तर गावात मिळत नाही हे खरंय.)

पुणेरी_झालेला
माझी चुलत बहीण अमेरिकेत असते, तिच्या मुलाला र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या समर प्री-कॉलेजला घातलेलं. हायस्कूलच्या पोरांसाठी सहा आठवडे, होस्टेलवर राहून, बेसिक ड्रॉइंग आणि डिझाइन सगळ्यांना कंपल्सरी, वर एक आवडीचा विषय. फी ऐकून मला चक्कर आली, पण सांगायचा मुद्दा तिथेही रोज काढण्यावरच सगळा भर. आपल्याकडे टॅलेंट कमी आहे का, चित्रकार एम. एफ. हुसेन तर आपल्या पंढरपूरचे!

ताळेबंद
हुसेन 1915 ला पंढरपुरात जन्मले आणि लहानपणीच घरचे इंदूरला गेले. पुढे मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं. म्हणजे माझ्याच मुद्द्याला दुजोरा दिलात तुम्ही. गावातून बाहेर पडा आणि पडेल ते काम करा.

बारावीला_हाय_बे
अरे काय बे सगळे मोठे मोठे बोलायलेत, पोरीला कुणी विचारलं का? मी सांगतो खरं काय होतं ते. मला बीएफएला (चित्रकलेची डिग्री) जायचंय हे मला अकरावीत कळलं, तेव्हा बघितलं तर त्याच्या प्रवेशाच्या सीईटीला ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन, मेमरी ड्रॉइंग, तिन्ही प्रॅक्टिकल आणि वर जीकेचा पेपर. माझ्या वर्गातल्या एकानं नववीपासून सुट्ट्यांत सराव केलेला, त्याचा हात असा चालतो ना, बघत बसावं. मी मात्र आता कॉलेज, क्लास आणि रात्री अकराला ड्रॉइंग असं करायलोय, डोळे फुटायलेत. त्यामुळे काकू, तिला हे पुढे करायचं असंल तर आत्ताच लावा. नसंल तर मंडला करू द्या की, सुट्टीय तिची, त्यात काय वाईट हाय?

विजापूर_रोडवाली
बाळा, विचारलंय तिला. “क्लास चालेल पण साडेसहाला नाही” म्हणाली, एवढंच.

खडू_फळा
मग सातला ठेवा. पण आठनंतर बाहेर बसवू नका. आणि खर्च करू नका, चार 2बी आणि दोन 6बी पेन्सिली, कार्ट्रिज पेपर, एक बोर्ड आणि क्लिपा. महागडा रंगांचा बॉक्स आधीच घेतला की पोरं सहाव्या दिवशी रंगात शिरतात आणि ड्रॉइंग राहून जातं.

ताळेबंद
सगळं ऐकून पण माझं मत तेच आहे. फक्त एक करा ताई, महिन्याच्या शेवटी तिची पहिल्या दिवसाची आणि शेवटच्या दिवसाची तांब्याची शीट इथे टाका. फरक दिसला तर पुतण्याच्या धाकट्या भावाला पाठवतो. आणि जूनच्या युनिट टेस्टचे गणिताचे मार्क पण टाका, ते लपवायचे नाहीत.

विजापूर_रोडवाली
शीट टाकते. मार्कांचं तिला विचारून.