पहिली नोकरी: टीचिंग हॉस्पिटल की नॉन-टीचिंग? नर्सेसनो, तुमचे अनुभव सांगा

नर्सिंग पूर्ण करून बाहेर पडणारी मुलंमुली हा प्रश्न हमखास विचारतात. (टीचिंग म्हणजे जिथे शिकाऊ डॉक्टरही काम करतात असं, मेडिकल कॉलेजशी जोडलेलं हॉस्पिटल.) तुम्ही काय निवडलंत आणि तिथे काय घडलं, ते सविस्तर लिहा.

मेडिसिन वॉर्ड, टीचिंग
पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी टीचिंगच घेईन, ते नाईट ड्युटीसाठी. पहाटे पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन घसरायला लागलं की रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेत तिथेच काम करणारा डॉक्टर, आवारातच असतो, हाक मारली की येतो. शिवाय राऊंडला औषध का बदललं, डोस का कमी केला, हे सगळं आपल्यासमोर बोललं जातं. तेव्हा नुसती फाईल धरून उभं राहू नका, विचारा. नवीन रेसिडेंटची बॅच आली की मात्र प्रत्येक ऑर्डर दोनदा वाचा. डोस पटला नाही तर औषध देऊ नका, आधी सिनियरला विचारा. नोकरीचा पहिला महिना असला तरी तो तुमचा अधिकार आहे.

सर्जिकल वॉर्ड, आधी टीचिंग, आता नॉन-टीचिंग
माझं उलट झालं. लघवीची नळी (कॅथेटर) घालणं, नाकातून पोटात नळी (रायल्स ट्यूब) घालणं, रक्त काढणं, सगळं इंटर्न, म्हणजे शिकाऊ डॉक्टर करायचे. माझा हात बसलाच नाही. इथे ते माझ्याकडेच आहे. पण रात्री कन्सल्टंट, म्हणजे मुख्य तज्ज्ञ डॉक्टर, घरी असतात. फोन लावण्याआधी मी कागदावर मांडून घेते: आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी ॲडमिट आहे, बीपी-पल्स किती, मला काय वाटतं, त्यांच्याकडून काय हवंय. एसबार (SBAR) म्हणतात ती हीच पद्धत. मिळालेली ऑर्डर लिहायची आणि फोनवरच परत वाचून दाखवायची.

आयसीयू
टीचिंग की नॉन-टीचिंग या पाटीपेक्षा एका नर्सकडे पेशंट किती, ते बघा. नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ सालच्या अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या अभ्यासात नर्समागे एक पेशंट वाढला की सर्जरीच्या पेशंटच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यात टीचिंग आणि नॉन-टीचिंग दोन्ही हॉस्पिटलं होती.

ऑर्थो वॉर्ड, टीचिंग
मला इंटरव्ह्यूत सांगितलं होतं की तीन महिने सिनियर सोबत असेल. स्टाफ कमी पडला आणि थोड्याच दिवसांत मला वॉर्डात एकटीला सोडलं. म्हणून जॉइन होण्याआधी तिथल्या सगळ्यात नव्या नर्सला गाठा. तिच्यासोबत सिनियर खरंच किती दिवस होती आणि नाईटला अडलं तर ती कोणाला बोलावते, एवढं विचारा.