टेम्सचं उदाहरण

"२१०० पर्यंतचं नियोजन म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेली कुंडली" असं एक मत वाचलं, ते अर्धं पटलं. एकच आकडा धरून त्यावर पन्नास वर्षांचं बांधकाम रचायचं, तर ती कुंडलीच. पण परिस्थितीचित्रं, म्हणजे भविष्यात काय काय घडू शकेल याच्या अनेक शक्यता, मांडणारे नेमकं तेच टाळतात. लंडनला पुरापासून वाचवायची 'टेम्स एस्च्युअरी २१००' योजना बघा. समुद्र किती चढेल यावर पैज न लावता त्यांनी २.७ मीटरपर्यंतच्या वाढीला पुरतील असे पर्यायी मार्ग आखले, आणि कुठल्या मार्गावरून कुठल्या मार्गावर कधी वळता येईल तेही ठरवलं. समुद्रपातळी, भरतीचा जोर, बांधांची अवस्था यांची मोजणी चालू असते. आकडे पुढे सरकले की निर्णयाची तारीख अलीकडे येते.

आणि ती खरंच येते. नदीच्या वरच्या अंगाचे, म्हणजे उगमाकडचे, बांध उंच करायची मुदत मुळात २०६५ होती, २०२३च्या फेरआढाव्यात ती २०५० झाली. समुद्राकडून चढणारं पाणी अडवायला नदीत बांधलेल्या आणि १९८२पासून वापरात असलेल्या टेम्स बॅरियर या दरवाजांच्या अडसराचं पुढे काय करायचं हे मात्र आज ठरवलेलं नाही. तो निर्णय २०४० पर्यंत घ्यायचा आहे, कारण नवी व्यवस्था २०७० पर्यंत उभी राहायला हवी. या पद्धतीत मला सगळ्यात आवडतं ते हेच, कुठला निर्णय आज घ्यायचा नाही हेसुद्धा लिहून ठेवलेलं असतं. आपल्याकडे मुंबईचा २०१४-३४चा विकास आराखडा मंजूर व्हायलाच २०१८ उजाडलं, तिथे अधेमधे मार्ग बदलायची सोय कोण ठेवणार?