प्रतिसाद: पन्नास मीटरवालं घड्याळ ग्रँड आयलंडला चालेल का?

वर विचारलंय की गोव्याजवळच्या या बेटापाशी बुडी मारतात तिथली खोली पन्नास मीटर नाहीच, मग '५० मीटर' लिहिलेलं घड्याळ का नको? तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. ते घालून पोहा, पण सिलिंडर लावून बुडी मारायची तर २०० मीटरचं डायव्हर घड्याळच घ्या.

जपानच्या सेइको कंपनीने आपलं पहिलं डायव्हर घड्याळ १९६५ मध्ये काढलं, १५० मीटरचं. पुढे तिथल्याच कुरे शहरातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने पत्र लिहून कळवलं, की खोल पाण्यातल्या कामात घड्याळं टिकत नाहीत. त्यातून १९७५ मध्ये ६०० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ आलं. तक्रार इतकी मनावर घेणारी कंपनी हल्ली कुठे बघायला मिळते!

डायव्हर घड्याळाच्या कडेची, बुडीला किती वेळ झाला ते दाखवणारी फिरती रिंग एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला, तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच नाही. म्हणजे तुम्ही फार तर लवकर वर याल.

आणि घड्याळाच्या बाजूची आट्यांची चावी पाण्यात जाण्याआधी फिरवून घट्ट बसवा हो. मिरामारला मी विसरलो आणि काचेच्या आत धुकं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, हेही आलंच.